एकाच पातेल्यातलं गोड

दिवाळी जवळ आली की या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी आम्लपित्त आणि गुडघे. आता श्रीखंड, लाडू, बासुंदी. या वेळी आलेल्या 17 पत्रांपैकी 11 पत्रांत एकच काळजी आहे : घरात मधुमेह आहे आणि सणही आहे. मी सांगलीत एका रुग्णालयात 28 वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. त्याहून मोठी नोकरी घरी : नवऱ्याला 21 वर्षांपासून मधुमेह आणि जीभ पक्की गोडाची. तेव्हा खालची उत्तरं निम्मी पुस्तकातली आणि निम्मी आमच्या स्वयंपाकघरातली आहेत.

प्रश्न : मी 71 वर्षांचा. बारा वर्षं शुगर आहे. सणाला माझ्यासाठी वेगळ्या डब्यात बिनसाखरेचं काहीतरी केलेलं असतं. नातवंडं विचारतात, आजोबा, तुम्ही आमच्यातलं का नाही खात? खरं सांगू, मी रात्री उठून खातो. सूनबाई मायेनं करते, तिला बोलायला जीभ उचलत नाही. काय करावं? (एक आजोबा, कराड)

आजोबा, तुम्ही निदान कबूल तरी केलंत. आमच्याकडे पकडावं लागलं. दसरा होता. घरच्यांसाठी नेहमीचं श्रीखंड आणि ह्यांच्यासाठी स्टीलच्या छोट्या डब्यात साखरेऐवजी गोडव्याच्या गोळ्या कुटून घातलेलं. ते कडवट झालं होतं. मी स्वतः चाखून तोंड वाकडं केलं आणि तरी त्यांना वाढलं. आहारतज्ज्ञ ना मी! रात्री पाणी प्यायला उठले तर फ्रिजच्या उजेडात हे उभे, आमच्या पातेल्यातलं श्रीखंड बोटानं चाटत. मी तशीच मागे फिरले. सकाळी उपाशीपोटीची साखर 212. त्या दिवसापासून आमच्या घरात वेगळा डबा बंद झाला. जे होईल ते एकाच पातेल्यात, सगळ्यांसाठी, आणि सगळ्यांना थोडं.

आता श्रीखंडाचाच हिशेब बघा. रीतीप्रमाणे जितका चक्का तितकी साखर. म्हणजे 100 ग्रॅमच्या वाटीत 50 ग्रॅम साखर, चहाचे दहा चमचे! हे निरोगी माणसालाही कशाला हवंय? माझं प्रमाण सांगते. लिटरभर दुधाचं दही रात्रभर टांगलं की साधारण 350 ग्रॅम चक्का पडतो. त्यात 70 ग्रॅम पिठीसाखर. सात जणांना वाढलं तर एकेकाच्या वाट्याला दोन चमचे साखर येते. पण हे एकदम करू नका, घरात बंड होईल. मी पहिल्या वर्षी पाव भाग साखर कमी केली, पुढच्या वर्षी निम्मी, मग आणखी. चौथ्या वर्षी धाकट्या दिरांनी दुकानातलं श्रीखंड आणलं तर मुलगाच म्हणाला, किती गोड आहे हे!

साखर काढली की तिची जागा भरावी लागते. चक्का पुरणयंत्रातून दोनदा काढा. मऊ, रेशमी झाला की जिभेला तो जास्त गोड वाटतो. केशर कोमट दुधात तासभर आधी भिजत घाला. जायफळ नेहमीपेक्षा थोडं अधिक आणि मीठ अगदी दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढंच. गोडात मीठ घालायची आपल्या आज्यांची सवय उगाच नव्हती. आणि श्रीखंड फ्रिजमधून काढल्या काढल्या वाढू नका. थंडगार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. वीस मिनिटं बाहेर राहू द्या.

वाढायला देवापुढची नैवेद्याची वाटी घ्या. जेवणाच्या सुरुवातीला नाही, कोशिंबीर, उसळ, वरण पोटात गेल्यावर. रिकाम्या पोटी गोड खाल्लं की साखर झपाट्यानं चढते, भरल्या पोटी सावकाश. मग उठून शतपावली, खरीखुरी, पंधरा मिनिटांची. अंगणात दोन चकरा मारून यायची नाही.

आणि हा अंक सूनबाईंच्या हाती द्या. तुम्ही तेवढ्यात फिरून या.

प्रश्न : शेजारच्या वहिनी म्हणतात, साखर बंद करून सेंद्रिय गूळ, मध किंवा खजूर वापरला की मधुमेह्याला कितीही चालतं. सासूबाईंसाठी सगळा फराळ गुळातच करू का? (एक गृहिणी, जयसिंगपूर)

मी माहेरची कोल्हापूरची. सुट्टीत गुऱ्हाळावर बसून काकवीत भाकरी बुडवून खाल्लेली. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी शेजारीपाजारी गुळाचे खडे वाटले होते. तरी सांगते : नाही, कितीही चालत नाही.

साखर उसाच्या रसाची आणि गूळही त्याच रसाचा. गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात हे खरं, पण मुख्य ऐवज साखरच, आणि रक्तातली साखर तो जवळजवळ साखरेसारखीच वाढवतो. सेंद्रिय म्हणजे ऊस कसा पिकवला ते. पोटात गेल्यावर गूळ काय करणार ते त्यातून कळत नाही. मधातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच. सुक्या खजुराचा साधारण दोन तृतीयांश भाग साखर असते. खजूर आणि बदामाचा ‘बिनसाखरेचा’ लाडू एक खाल्ला तर ठीक, त्यात चोथा आहे, सुकामेवा आहे. पण बिनसाखरेचा म्हणून माणसं तीन खातात, आणि तिथेच घात होतो.

गुळाचा एक गुण मात्र मी मानते. त्याला स्वतःची चव आहे, त्यामुळे थोडक्यात भागतं. म्हणून सासूबाईंसाठी फराळाचा डोंगर गुळात करण्यापेक्षा आपल्याकडची खपली गव्हाची खीर करा. तुमच्या भागात खपली मिळते, तुम्हाला नवीन नाही. फक्त प्रमाण बदला.

एक वाटी, म्हणजे साधारण 150 ग्रॅम, कांडून साल काढलेली खपली रात्रभर भिजवा. कुकरला सहा-सात शिट्ट्या. गहू फुलला पाहिजे, पण त्याचा लगदा नको. दाणा चावावा लागला पाहिजे. चावावं लागलं की खाण्याचा वेग आपोआप कमी होतो आणि अख्खा दाणा पचायलाही वेळ घेतो. मग 60 ग्रॅम गूळ, चमचाभर भाजून वाटलेली खसखस, सुंठ, वेलची, जायफळ. गूळ पुरता विरघळून एक उकळी आली की गॅस बंद करा आणि मग वाटीभर नारळाचं दूध घाला. ते घालून उकळलंत तर फुटेल. आईकडे हीच खीर दीड वाटी गुळाची असायची, चमचा उभा राहील अशी.

ही खीर आठ छोट्या वाट्या होते. एका वाटीत गहू आणि गूळ मिळून जवळजवळ एका पोळीइतकी पिष्टं आणि साखर जातात. म्हणून त्या जेवणात सासूबाईंची एक पोळी कमी. हा सौदा त्यांना आधीच सांगा, ताटावर बसल्यावर नाही. पहिल्या घासानंतर दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघा आणि वहीत लिहा. आमच्या वहीत खिरीच्या दिवशी 158 आहे आणि साबुदाण्याच्या खिरीच्या दिवशी 231. हे आकडे आमच्या ह्यांचे. सासूबाईंचे वेगळे येतील, त्यासाठीच वही.

प्रश्न : साखरेऐवजी गोडव्याची पूड घालून रव्याचे लाडू केले, वळलेच नाहीत. शंकरपाळ्या पांढरट आणि दगडासारख्या झाल्या. माझं काय चुकलं? शिवाय ही पूड वाईट असते असंही ऐकलं. (नवी नवी सून, चिंचवड)

तुमचं काही चुकलं नाही, पदार्थ चुकीचे निवडले. साखर फक्त गोडी देत नाही. लाडवात पाक होऊन ती रवा धरून ठेवते, शंकरपाळीला खुसखुशीतपणा आणि तांबूस रंग देते, अनारशाला जाळी देते. पूड चिमूटभर घालायची असते. वाटीभर साखरेचं काम चिमूटभर पूड कशी करणार? तिचा पाक होत नाही. म्हणून पूड घालायचीच तर जिथे साखरेचं काम निव्वळ गोडीचं आहे तिथे घाला : खीर, बासुंदी, फिरनी, दुधी हलवा. दुधी हलव्याला दुधाचा आणि दुधीचा गाभा आहे, साखर नसली तरी तो बसतो. गाजर हलव्याचंही तसंच, फक्त गाजर मुळात गोड आहे हे हिशेबात धरा.

डब्यावरचं नाव वाचा. अॅस्पार्टेम असेल तर ते उकळत्या पदार्थात गोडी गमावतं, गॅस बंद केल्यावर घाला. सुक्रालोज उष्णता बऱ्यापैकी सोसतं. स्टीव्हिया जरा जास्त झालं की मागाहून कडू लागतं. वेलची आणि जायफळ तो कडूपणा झाकतात. माल्टिटॉल घातलेली ‘शुगर फ्री’ चॉकलेटं मुठीनं खाल्लीत तर पोट रात्रभर तुमच्याशी भांडेल, आणि माल्टिटॉलनं साखरही थोडी वाढतेच.

वाईट का? जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका असं सांगितलं, पण ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते दुसरं वाक्य मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात कधी येत नाही. माझं मत विचाराल तर सणाला अधूनमधून घाला, रोजच्या चहात नको. रोज घालून जिभेची गोडाची भूक तशीच राहते.

शंकरपाळ्या साखरेच्याच करा, पण अर्ध्या आकाराच्या, आणि लहान बरणीत भरा. चकल्या वाढवा. नाही, चकलीचं पीठही मधुमेह्याला मोकळं रान नाही, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

प्रश्न : सीताफळ खाऊ का? (बार्शी)

अर्धं. चमच्यानं, बिया काढत काढत. गर काढून रबडीत घातला की तो खाली जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बिया काढायला जो वेळ लागतो, तेवढंच तुमचं औषध.

प्रश्न : कोजागिरीला आम्ही दूध बिनसाखरेचं आटवलं, म्हणून बाबांनी तीन पेले घेतले. तरी साखर 240 कशी? (एक मुलगी, ठाणे)

कारण दुधाला स्वतःची साखर असते. लिटरभर दुधात साधारण 45 ग्रॅम लॅक्टोज. ते जिभेला फारसं गोड लागत नाही, म्हणून विसरायला होतं. दोन लिटर आटवून एक केलं तर पाणी उडालं, लॅक्टोज तिथेच राहिलं. तीन मोठे पेले म्हणजे बाबांच्या पोटात जवळजवळ दीड लिटर दुधाचा ऐवज गेला. आटीव दूध घ्यावं, छान असतं, पण चहाच्या छोट्या कपात, बदाम आणि चारोळ्या चावत.

प्रश्न : आईला (68) इन्सुलिन आहे. आम्ही घरातून साखर पूर्ण हद्दपार केली. मागच्या आठवड्यात रात्री दोनला तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. यंत्रावर 54. घाबरून गोडव्याच्या गोळ्या घालून चहा दिला, मग पेढा भरवला. बराच वेळ काही फरक नाही. डॉक्टर सकाळी रागावले. (एक मुलगा, मिरज)

डॉक्टरांच्या रागावण्यात मीही सामील आहे, पण थोडीशी. हे पुष्कळ घरांत होतं.

गोळ्यांच्या चहात जीभ फसते, रक्त फसत नाही. 70 च्या खाली साखर गेली की खरी साखरच लागते : तीन चमचे, म्हणजे 15 ग्रॅम, अर्ध्या पेल्या पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर अर्धी पोळी किंवा कपभर दूध. पेढा आणि चॉकलेट या कामाचे नाहीत, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का ते आजच तपासा. असेल तर साधी साखरही फुटायला वेळ लागतो. औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडरच द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. रात्री असं पुन्हा झालं तर इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून बघून घ्या, मनानं कमी-जास्त नको.

तेव्हा साखरेला घरात परत बोलवा. एका छोट्या डब्यात ग्लुकोजची पावडर, एक चमचा आणि कागदावर वरच्या सूचना मोठ्या अक्षरात. डबा कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी नातवालाही, ठाऊक हवं. आमच्याकडे तो देवघराखालच्या कप्प्यात आहे, काडेपेटीच्या शेजारी, कारण दिवे गेले तरी हात तिथे बरोबर पोचतो.