मुळांवरच्या गाठी: औषधाआधी ओळख

हरभऱ्याच्या मुळांवर गाठी दिसल्या, औषध मारू का, असं विचारलंत. आधी मुळं बघितलीत, फार चांगलं केलंत! फक्त रोप उपटू नका, गाठी मातीतच राहतात. उकरून काढा, पाण्यात धुवा. मग गाठ बोटाने चोळा. सहज सुटली तर रायझोबियमची, म्हणजे हवेतलं नत्र पिकासाठी बांधणाऱ्या उपयोगी जिवाणूंची. नखाने फोडल्यावर आत गुलाबी दिसली की नत्र जोमात बांधलं जातंय. तिच्यावर औषध मारायला धावू नका. मूळच फुगलंय, गाठ सुटत नाही? मग सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून नुकसान करणारे बारीक जंत. तिथे पुढे वांगी-टोमॅटो टाळा, झेंडू लावा.

पुढच्या पेरणीला एवढंच:

- बीजप्रक्रियेत (पेरणीआधी बियाण्याला चोळताना) बुरशीनाशक आधी, रायझोबियम शेवटी. बी सावलीत सुकवा, लगेच पेरा.
- रायझोबियमचं पाकीट हरभऱ्याचंच घ्या, सोयाबीनचं चालत नाही.
- युरिया भरमसाट नको. आयतं नत्र मिळालं की रोप गाठी कमी धरतं.