इक्थिऑर्निस म्हणजे 'मासेखाऊ पक्षी' नव्हे

प्रश्न आलाय की इक्थिऑर्निसला, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या त्या दातवाल्या पक्ष्याला, मराठीत 'मासेखाऊ पक्षी' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार. ग्रीकमधे इक्थिस म्हणजे मासा आणि ऑर्निस म्हणजे पक्षी, इथवर सगळे बरोबर असतात, पुढे ते 'खाऊ' कुठून उपटतं देव जाणे. मासे तो खात असणारच, तेव्हा अमेरिकेतल्या कॅन्ससवर समुद्र होता नि हा त्यावर उडणारा, पण नाव पडलं ते मणक्यांवरून. आजच्या पक्ष्यांच्या मानेचे मणके खोगिराच्या आकाराचे, याचे दोन्ही टोकांना खोलगट, माशासारखे, म्हणून १८७२ मधे अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ मार्शने हे नाव ठेवलं.

आणि दात? नावात ते नाहीतच, कारण त्याच दगडातला दातवाला जबडा साहेबांनी आधी एका छोट्या समुद्री सरीसृपाचा ठरवला, त्याला कोलोनोसॉरस असं वेगळं नावही देऊन टाकलं, १८७३ मधे कळलं की जबडा पक्ष्याचाच. मग हा आणि न उडणारा हेस्परॉर्निस मिळून 'ओडॉन्टॉर्निथीज' म्हणजे दंतपक्षी असा गट केला. काही जण अजून तो गट छातीठोकपणे सांगतात, अहो तो कधीच मोडीत निघालाय, दात जुन्या पूर्वजांकडून आलेले, तेवढ्यावर सोयरीक जुळत नाही.

पण दंतपक्षी म्हटलं की मला हटकून 'द्विज' आठवतो. अमरकोशात द्विजचे तीन अर्थ एका दमात दिलेत: दात, विप्र, अंडज. पक्षी एकदा अंडं म्हणून जन्मतो, एकदा अंड्यातून. दात एकदा दुधाचे, एकदा कायमचे. म्हणजे हा प्राणी द्विजही आणि सद्विजही, म्हणजे पक्षीही आणि दातांसकटही! मुंजीचा अर्थ मूळ आणि बाकीचे मागून चिकटले असं पंडित मंडळी सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, अंडं फुटताना आणि पोराचा दात पडताना कुणालाही दिसतो, मुंजीतला दुसरा जन्म मात्र समजावून सांगावा लागतो, मग रूपक कुठलं आणि मूळ कुठलं ते तुम्हीच ठरवा. आता सरीसृपांसारखे या पक्ष्यांचेही दात पडून पुन्हा पुन्हा येत, तेव्हा काटेकोर बोलायचं तर 'बहुज' म्हणावं लागेल, ते राहू दे.

हां, मराठी नाव. 'मीनकशेरुक' म्हणा, म्हणजे माशासारख्या मणक्यांचा, जड वाटलं तर सरळ इक्थिऑर्निस लिहा. मासे खातो एवढ्यावरच नाव द्यायचं तर पाणकावळ्याने काय घोडं मारलंय?