खांदा बदलायचा, पण सरळ की उलटा?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांना 'रिव्हर्स' खांदा सुचवला आहे. ओळखीच्या एकांचं साधं शोल्डर रिप्लेसमेंट झालं होतं. हे उलटं प्रकरण काय?

नाव शब्दशः खरं आहे. मूळ खांद्यात दंडाच्या हाडाला गोळा असतो आणि फऱ्याच्या हाडाला उथळ वाटी. साध्या शस्त्रक्रियेत धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी त्याच जागी बसतात. पण ही वाटी इतकी उथळ, की गोळा तिच्यात टिकतो तो रोटेटर कफ या चार स्नायूंच्या जोरावर. कफ फाटून निकामी झाला असेल तर नवा गोळाही वर सरकतो, वाटीच्या काठावर दाब देत राहतो आणि ती सैल करतो. म्हणून फ्रान्समध्ये पॉल ग्रामाँ या सर्जननी १९८५च्या सुमारास गोळा फऱ्याला आणि वाटी दंडाला बसवली. त्यामुळे सांध्याच्या फिरण्याचा मध्य आत आणि खाली सरकतो, खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूला जास्त तरफ मिळते आणि कफची मदत नसतानाही तो हात वर उचलतो.

वडिलांचा एमआरआय झाला असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा : "कफ कसा आहे?" कुठला खांदा बसवायचा, हे बहुतेक वेळा त्याच उत्तरावर ठरतं.

प्रश्न : एक्स-रेत गादी पार झिजलेली दिसते, पण माझं बरं चाललंय. ऑपरेशन लांबवलं तर नुकसान होईल का?

एक्स-रेवर ऑपरेशन करत नाहीत, दुखण्यावर करतात. रात्री झोप लागते, केस विंचरता येतात, गोळ्या क्वचितच लागतात? मग थांबा. फक्त अधूनमधून तपासून घ्या, कारण वाटीचं हाड फार झिजलं तर नवी वाटी बसवणं अवघड होतं. आणखी एक : खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर साधारण तीन महिने ऑपरेशन टाळतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून. इंजेक्शन देणारे आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे असतील तर ही गोष्ट तुम्हालाच सांगावी लागते.

प्रश्न : साधं रिप्लेसमेंट होऊन तीन आठवडे झाले. दुखत नाही, तरी हाताची झोळी (स्लिंग) सोडू देत नाहीत. इतकी सावधगिरी कशाला?

दुखत नाही हीच तर पंचाईत! सांध्यापर्यंत पोचण्यासाठी कफचा पुढचा स्नायू बहुधा सोडवून परत शिवलेला असतो. धातू पहिल्या दिवसापासून पक्का असतो, पण ती शिवण धरायला सहाएक आठवडे लागतात. खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठलात, किंवा कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवलात, तर ताण नेमका तिथेच येतो. माझ्या पाहण्यात शिवण धोक्यात येते ती व्यायामात नाही, बेसावधपणे खुर्चीतून उठताना. बोटं, मनगट आणि कोपर मात्र हलवत राहा. झोपताना पाठीमागे उशा रचून थोडं उठून रेलावं आणि दंडाखाली एक उशी घ्यावी, नाहीतर कोपर मागे पडून खांदा ताणला जातो.

रिव्हर्सवाल्यांनी हात मागे, मागच्या खिशाकडे नेऊ नये. सुरुवातीच्या काळात त्याच स्थितीत सांधा निखळू शकतो.

प्रश्न : नवा खांदा किती वर्षं टिकतो? पोहता येईल?

दहापैकी साधारण नऊ खांदे दहा वर्षांनीही शाबूत असतात. (१८९३ साली पॅरिसमध्ये पेआँ या सर्जननी प्लॅटिनम आणि रबराचा खांदा बसवला होता. तो दोनेक वर्षांत जंतुसंसर्गामुळे काढावा लागला.) गाडी साधारण सहा आठवड्यांनंतर, झोळी सुटल्यावर, डॉक्टरांना विचारून. ताकद सहा महिने ते वर्षभर वाढत राहते. हलकं पोहणं बहुतेकांना जमतं. डोक्यावर जड ओझं चढवणं मात्र कायमचं सोडा. रिव्हर्समध्ये हात वर छान जातो, पण पाठ चोळायला मागे पोचेलच असं नाही. ते आधीच माहीत असलेलं बरं.