चिपचे शेअर घेण्याआधी

चिप बनवणाऱ्या देशाचं चलन कोसळलं की चिप महागणार, असं धरून चालू नकोस. 1997 मध्ये कोरियाचा वॉन डॉलरमागे नऊशेच्या आसपास होता, डिसेंबरात जवळजवळ दोन हजारांवर गेला. नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. मेमरी चिपचे भाव तर 1996 पासूनच घसरत होते. कारखाना बंद ठेवला तरी डॉलरमधल्या कर्जाचं व्याज थांबत नाही, म्हणून डॉलरसाठी मिळेल त्या भावाला माल काढला जातो. टंचाई येते ती नंतर, नव्या यंत्रांचा खर्च कापल्यावर. मीही पहिल्याच घसरणीत ‘स्वस्त मिळतंय’ म्हणून उडी मारली होती. बसलो मग हात चोळत. तू आधी ताळेबंदात डॉलरमधलं कर्ज किती ते बघ, मग गोदामात किती आठवड्यांचा माल पडून आहे ते.