टमी टकनंतर जखम लवकर भरत नसेल तर

टमी टक म्हणजे पोटावरची सैल कातडी काढून उरलेली ताणून शिवायचं ऑपरेशन. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात टाक्यांची कड उघडली म्हणून ऑपरेशन फसलं असं धरून बसू नका. या शस्त्रक्रियेत कातडीवर सर्वांत जास्त ताण मधोमध येतो आणि रक्तपुरवठाही तिथेच कमी असतो, त्यामुळे जखम बहुधा तिथेच उघडते. ती आतून वर भरत येते. ड्रेसिंग बदलत राहायचं, आणि त्याला आठवडे लागतात. मला हाच काळ सर्वांत जड गेला.

पोटात पाणी हलल्यासारखं वाटलं तर तो सेरोमा, म्हणजे कातडीखाली साठलेलं पाणी, असू शकतो. सर्जन सुईने ते काढतात, कधी पुन्हा पुन्हा काढावं लागतं. घरी दाबून बघू नका. सूज संध्याकाळी वाढतेच, आरशात बघायचंच तर सकाळी बघा. आहारात प्रथिनं भरपूर हवीत. सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

ताप, पसरत जाणारी लाली किंवा घाण वासाचा स्राव दिसला तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. एकाच पोटरीला सूज, अचानक धाप, छातीत दुखणं असेल तर मात्र थेट इमर्जन्सीत जा.

आणि रडू येत असेल तर घरात कुणाला तरी सांगाच. व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष जातं, तेवढे दिवस एकटीने ओढू नका.