अभंग टाळावर का बसत नाही?

प्रश्न : आजीच्या आठवणीत अभंग लिहिला. सुरुवात अशी : ‘आजीच्या ओव्यांमध्ये विठ्ठल भेटला । दळता दळता कंठात दाटून आला ॥’ वाचायला बरा वाटतो, पण भजनात घेतला की टाळ पुढे जातात आणि शब्द मागे राहतात. काय चुकलं?

उत्तर : घोटाळा चौथ्या चरणात आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण, अक्षरं ६-६-६-४. लघू-गुरू बघायचं नाही, नुसती अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं (‘विठ्ठल’ म्हणजे ३), पाय मोडलेलं व्यंजन सोडून द्यायचं. आता बोटांवर मोजा : ‘आजीच्या ओव्यांमध्ये’ ७, पुढचे दोन चरण ६-६ आणि ‘कंठात दाटून आला’ चक्क ८! हा चरण मुद्दाम तोकडा असतो. गाणारा तिथे अक्षर लांबवतो, दम घेतो, मग टाळकरी ओळ उचलतात. ती मोकळी जागाच तुम्ही भरून टाकलीत. पहिल्या चरणातलं एक जादा अक्षर गळ्यात खपून जातं, संतांच्या अभंगांतही असं सापडतं. चौथ्यातली चार खपत नाहीत.

दुसरं यमकाचं. ‘भेटला–आला’ हे तुम्ही ओळींच्या शेवटी जुळवलंत. ती कवितेची सवय. मोठ्या अभंगात यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत येतं. तुकोबांचं ‘उभे विटेवरी । कर कटावरी’ आठवा. तुमचेच शब्द थोडे छाटून :

आजीच्या ओवीत विठ्ठल भेटला ।
दळता दाटला कंठामध्ये ॥

एक ‘दळता’ गेला, पण जात्याची फेरी चालीतच येते. हेच ध्रुपद करा. टाळकरी ते पुन्हापुन्हा म्हणणार, म्हणून त्याचा अर्थ तेवढ्यातच पुरा व्हायला हवा.

प्रश्न : शेवटी ‘तुका म्हणे’ घातलं तर? परंपराच आहे ना?

उत्तर : अजिबात नको. नाममुद्रा म्हणजे सही. तुकोबांच्या काळातले सालोमालो दुसऱ्याचे अभंग मोडतोड करून आपले म्हणून खपवतात, ही तक्रार खुद्द तुकोबांच्या अभंगात आहे. तुम्ही उलट्या बाजूने तेच कराल. आपलं नाव घाला, फक्त मोजून. ‘एका जनार्दनी’ ६ अक्षरं, अख्खा चरण. ‘तुका म्हणे’ ४, म्हणून पुढे ‘आता’, ‘देवा’ असा दोन अक्षरी शब्द लागतो. नाव तीन अक्षरी असेल तर ‘म्हणे’ धरून ५ होतात, सहावं ‘गा’ किंवा ‘रे’ने भरा. चार अक्षरी नावाला तेवढीही तोशीस नाही.