झिर्कोनियमच्या पायरीवर लगेच रेघ मारू नका

भीमा खोऱ्यातल्या दोन बोअरहोलचा शेल (चिखलापासून बनलेला थरांचा खडक) जुळवताना एकात झिर्कोनियमचं प्रमाण मध्येच धाडकन खाली येतं, आलेखात पायरी पडते, दुसऱ्यात तसं काहीच दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. पीएचडीत याच घसरणीनं माझे आठ महिने खाल्ले.

जीवाश्म नसलेल्या शेलमध्ये थर जुळवायला मूलद्रव्यांचाच आधार का घ्यावा लागतो, ते तुम्हाला सांगायला नको. आधी एवढंच बघा: मोजण्याआधी लॅबनं दोन्ही बोअरहोलच्या सॅम्पलांचे लॉट विरघळवले कसे?

माझी सॅम्पलं पुण्याहून दोन खेपांत गेली होती. पहिली खेप लॅबनं लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवली, दुसरी उघड्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक अॅसिडमध्ये घातली. झिर्कोनियम ज्यात असतं त्या झिर्कॉन खनिजाचे कण अशा अॅसिडला सहज दाद देत नाहीत. ते तळाशी राहतात आणि त्यांच्यातलं झिर्कोनियम, हाफ्नियम मोजलंच जात नाही. झिर्कोनियम आधी २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भाग) आसपास, मग एकदम ११०. दोन्ही रिपोर्टांवर मात्र एकच शब्द, 'आयसीपी-एमएस', म्हणजे मोजायच्या यंत्राचं नाव; विरघळवलं कसं ते नाहीच. गाळाचा स्रोत बदलला असं धरून मी त्या पायरीवर थरांची सीमा आखली, सेमिनारमध्ये मांडलीसुद्धा. लॅबला चार मेल केले, उत्तर एकच: 'पद्धत प्रमाणित आहे.' विद्यार्थ्यानं पैसे भरलेत, त्याला साधी पद्धत सांगायला काय जातं? आजही संताप होतो.

शेवटी डब्यांत उरलेली पावडर आमच्याकडे गोळ्या दाबून एक्सआरएफवर मोजली, म्हणजे क्ष-किरणांनी, काही न विरघळवता. पायरी गायब!

तेव्हा झिर्कोनियम आणि हाफ्नियम जोडीनं पडले आणि टायटॅनियम जागचं हललं नाही, तर पहिला संशय लॅबवर घ्या. गाळ बारीक झाला तरी असं होऊ शकतं, म्हणून शेलची पोत कोअरवर (बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या दांड्यावर) डोळ्यांनी पाहाच. मी शेलवरच काम केलंय, वालुकाश्माचं मला विचारू नका.

अजून एक. शहाबादी फरशीच्या त्या चुनखडीत शिरलात की मूलद्रव्यांचे आकडे अॅल्युमिनियमच्या आकड्यानं भागू नका. ते इतकं कमी असतं की गुणोत्तर उगाच उसळ्या मारतं. आणि दळायला टंगस्टन कार्बाइडचं भांडं वापरलं असेल तर टंगस्टन, कोबाल्टचे आकडे सोडून द्या, ते भांड्यातूनच मिसळतात. स्टीलचं असेल तर क्रोमियम. अॅगेट दगडाच्या भांड्याला वेळ लागतो, पण मी तेच घेईन.

पुढच्या लॉटमध्ये आधीची पाच सॅम्पलं नंबर बदलून घाला, लॅबला न सांगता, म्हणजे आकडे जुळतात का ते कळेल. पैसे जास्त जातील, जाऊ द्या.